जुनी स्पोर्ट्स कार एक्स्चेंजमध्ये देऊन टाकावी का?

एडिसनकर
मंडळी, सल्ला हवाय. घरात विचारायची सोय नाही, तिथलं उत्तर ठरलेलं आहे.

माझ्याकडे २००२ ची पोर्शे बॉक्स्टर एस आहे. ३.२ लिटर, सहा गिअर, मॅन्युअल, ८८ हजार मैल. २०१४ ला घेतली, मी तिसरा मालक. तेव्हा नव्या कॅमरीच्या निम्म्याच्या थोडी वर पडली होती, तरी मित्रांना वाटलं याचा स्टार्टअप विकला गेला.

शनिवारी हायब्रिड एसयूव्ही बघायला गेलो होतो. जानेवारीत सासू-सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतायत आणि आमची २०११ ची मिनीव्हॅन आता लांब न्यायची भीती वाटते. नवी गाडी टॅक्स सोडून ३४ हजार डॉलरना पडतेय. सेल्समनला काचेतून बॉक्स्टर दिसली, तो बाहेर आला, टॉप एकदा खाली केला एकदा वर केला, टायर बघितले, आत गेला आणि जरा वेळाने कागद घेऊन आला. सात हजार. आत्ता सही करा, किल्ली ठेवा, नवी घेऊन जा. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी कॉफीच्या मशीनकडे बघितलं.

अडचण अशी की आमचं टाउनहाऊस, एक गराज आणि ड्राइव्हवेत एक जागा. तिसरी गाडी ठेवली की वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र येतं. त्यात क्लच जड झालाय, मेकॅनिक म्हणतो फार तर वर्ष निघेल, आणि क्लच उघडाल तेव्हा इंजिनातलं आयएमएस बेअरिंगपण बदलून टाका, मिळून ३८०० डॉलर. सात हजारांच्या गाडीवर ३८०० घालायचे?

देऊन टाकू का?

खडूस_पुणेरी
सात हजार डॉलर म्हणजे सहा लाखांच्या थोडं वर. सहा लाखात पोर्शे?? पत्ता टाका, येतो घ्यायला.

दर्यावर्दी
खडूसराव, तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी भारतात आणता येत नाही. आणि स्टिअरिंग डावीकडे, तेही चालत नाही.

खडूस_पुणेरी
बरं झालं, घरी विचारायची वेळच आली नाही.

मानसी_ऑस्टिन
एक आधी सांगा, सेल्समनने नोव्हेंबरच्या थंडीत टॉप खाली केला आणि तुम्ही बघत उभे राहिलात? २००२ ला मागची काच प्लास्टिकची असते ना? २००३ पासून खरी काच आली.

एडिसनकर
मानसी, तुम्हाला गाडी माहितीये! हो, प्लास्टिकचीच आहे. मी धावत जाऊन मध्ये हात घातला, थंडीत ती घडीवर तडकते म्हणून टॉप अर्ध्यावर थांबवून हाताच्या कडेने आत ढकलून नीट दुमडावी लागते. सेल्समनला वाटलं मी त्याला मारायला आलो.

जळगावचा_बापू
इथे पेट्रोल शंभरीपार गेलंय, सोन्याकडे बघवत नाही, आणि धागा काय तर पोर्शे विकू की ठेवू. चालू द्या.

एडिसनकर
बापू, नाव मोठं आहे हो फक्त. तुमच्याकडे आज जी नवी क्रेटा येते तिच्याएवढीसुद्धा किंमत हिला कोणी देणार नाही. प्रश्न चैनीचा नाही, जागेचा आहे.

जळगावचा_बापू
मग जागेचा धागा काढा. (चेष्टा करतोय. वाचतोय.)

हिशेबनीस
भावना बाजूला ठेवून आकडे बघू.

तुमच्या न्यू जर्सीत सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के आणि जुनी गाडी त्याच डीलरला दिली तर तिची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर लागतो. म्हणजे ३४ हजारांवर २२५२ लागला असता तो २७ हजारांवर १७८९ लागेल. वाचले ४६४. याचा अर्थ डीलरचे सात हजार तुमच्यासाठी प्रत्यक्षात ७४६४ आहेत. बाहेर विकून याच्यापेक्षा जेवढे जास्त मिळतील तेवढाच तुमचा फायदा, पूर्ण किंमत नाही. बरेच लोक हे विसरतात. (कॅलिफोर्नियावाल्यांनी हे वाचून खूश होऊ नये, तिथे पूर्ण किमतीवर टॅक्स भरावा लागतो.)

आता ८८ हजार मैलांची मॅन्युअल एस, क्लच संपत आलेला आहे हे उघड सांगून विकली तर माझ्या अंदाजाने अकरा-साडेअकरा यावेत. क्लच, बेअरिंग करून विकली तर चौदा-पंधरा. म्हणजे ३८०० घालून जेमतेम तेवढेच परत येणार, वर महिनाभर डोकेदुखी. तेव्हा विकायची असेल तर क्लचला हात लावू नका. ठेवायची असेल तरच क्लच करा. आणि दोन्हीकडे सात हजार कमीच आहेत.

ऑनलाइन दोन-तीन ठिकाणी गाडीची माहिती भरून ऑफर काढा, फुकट असतं आणि जुन्या गाड्या घेणाऱ्या कारमॅक्सची ऑफर सात दिवस टिकते. तो कागद डीलरसमोर ठेवा, सातचे साडेआठ तिथेच होतील.

विश्वंभर_स्टुटगार्ट
पोर्शेच्याच गावातून लिहितोय म्हणून दोन शब्द :-)

एडिसनकर, तुमच्या गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, बघा. अकरावं अक्षर एस असेल तर गाडी इथे त्सुफेनहाउझेनला बनली. यू असेल तर फिनलंडमध्ये, उसिकाउपुन्की नावाच्या गावात. १९९७ पासून मागणी पुरी होईना म्हणून व्हाल्मेट कंपनीला काम दिलं होतं.

एडिसनकर
यू निघालं!! अकरा वर्षं मी लोकांना जर्मन गाडी म्हणून सांगतोय.

खडूस_पुणेरी
परत करा, फसवणूक झाली आहे.

विश्वंभर_स्टुटगार्ट
अहो कमी समजू नका, बॉक्स्टर जाणणारे कित्येक जण यू असेल तर खूशच होतात.

बाकी इथे जर्मनीत हा प्रश्न थोडा सोपा आहे कारण सीझन प्लेट मिळते. एप्रिल ते ऑक्टोबर असं प्लेटवरच छापलेलं असतं, तेवढ्याच महिन्यांचा टॅक्स आणि विमा, बाकीचे महिने गाडी झाकून. आणि ३० वर्षं झाली की एच प्लेट, ऐतिहासिक वाहन म्हणून ठरावीक टॅक्स. पहिल्या बॉक्स्टर १९९६ च्या, म्हणजे २०२६ मध्ये त्यांचा नंबर लागतोय. शेजाऱ्याकडे एक आहे, तो आत्तापासून सगळे ओरिजिनल स्क्रू शोधत फिरतोय.

एडिसनकर
आमच्याकडे हिस्टॉरिक प्लेटला २५ वर्षं लागतात. म्हणजे २०२७.

हिशेबनीस
ती प्लेट घेतली की रोज स्टेशनला न्यायची नाही, प्रदर्शनं नि हौसेपुरती वापरायची असते. त्यावर स्वप्नं बांधू नका.

मानसी_ऑस्टिन
हिशेबनीसांच्या हिशेबात एक खर्च धरलेला नाही, तो म्हणजे मनस्ताप.

माझ्याकडे १९९६ ची माझदा मियाटा होती. बाहेर विकायची म्हणून जाहिरात टाकली. पहिल्या माणसाने टेस्ट ड्राइव्हला तासभर फिरवली आणि म्हणाला, विचार करून सांगतो, मला फक्त लहानपणापासून चालवायची इच्छा होती. दुसऱ्याने मेसेजवरच सौदा केला, ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा कॅशियर्स चेक (बँकेच्या नावाचा) पाठवतो, वरचे पैसे तुम्ही ट्रान्सपोर्टवाल्याला द्या म्हणाला. हा जुना धंदा आहे, चेक बनावट असतो आणि ते कळेपर्यंत तुमचे पैसे गेलेले असतात. तिसरा नवऱ्याशीच बोलायला बघत होता, गाडी माझ्या नावावर, चालवणार मी, पण याचे सगळे प्रश्न नवऱ्याला, ज्याला क्लच कुठल्या पायाने दाबतात तेही सांगता येत नाही.

शेवटी एक्स्चेंजमध्ये दिली. कमी मिळाले, माहीत होतं, एका दुपारी काम संपलं. टेक्सासमध्येही टॅक्सची सवलत आहे. आजवर एकदाही हळहळले नाही. तेव्हा सात हजार लगेच वेडेपणा म्हणून उडवू नका. आठ-साडेआठ झाले तर मी देईन.

तेलकट_हात
आयएमएसचा उल्लेख झाला आणि कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहितो. मी मिलपिटासला राहतो, विकेंडला स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्या उघडतो, व्यवसायाने मेकॅनिक नाही.

या पिढीच्या इंजिनात, एम९६, क्रँकशाफ्टवरून फिरणारा एक मधला शाफ्ट (आयएमएस) असतो, त्याच्यावरून साखळ्या कॅमशाफ्टकडे जातात. त्या शाफ्टच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग. सीलबंद म्हणजे आतलं ग्रीस आत, बाहेरचं इंजिन ऑइल बाहेर असा हेतू. पण वर्षांनुवर्षं गरम तेलात राहून सील कडक होतं, तेल आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं, आणि आत शिरलेलं तेल तिथेच अडकून जुनं होतं. मग गोळ्या झिजतात, धातूची भुकटी तेलात येते, आणि एक दिवस बेअरिंग फुटलं की शाफ्ट हलतो, टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात. इंजिन गेलं. दुरुस्ती नाही, दुसरं इंजिन.

आता घाबरवून झालं, तर खरी बाजू. यावर अमेरिकेत क्लास अॅक्शन खटला झाला, २००१ ते २००५ च्या गाड्यांसाठी २०१३ मध्ये तडजोड झाली. त्यात जे आकडे बाहेर आले त्याप्रमाणे एकेरी बेअरिंगवाल्या गाड्यांत आठ टक्क्यांच्या आसपास फेल झाली, आधीच्या दुहेरी बेअरिंगवाल्यांत एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून जास्त गाड्या ठीक. आणि बरेच मेकॅनिक म्हणतात की रोज पळवलेल्या गाड्या टिकतात, गराजमध्ये कपड्याखाली ठेवलेल्यांचं बेअरिंग आधी जातं.

मेकॅनिक दोन्ही कामं एकत्र करा म्हणतोय त्यात लबाडी नाही. गिअरबॉक्स खाली उतरवल्याशिवाय क्लच निघत नाही, आणि क्लच-फ्लायव्हील काढलं की समोरच ते बेअरिंग. मजुरी एकदाच. सोबत मागचं मेन सील बघून घ्या.

पण त्याआधी एक काम करा, विकायची असो वा ठेवायची. पुढच्या ऑइल चेंजला ऑइल फिल्टर फेकू देऊ नका. हा फिल्टर कागदी असतो, प्लास्टिकच्या डब्यात. ब्लेडने दोन्ही टोकं कापा, पंख्यासारखा दुमडलेला कागद उलगडून पांढऱ्या कागदावर पसरा, तेल निथळू द्या आणि उन्हात किंवा टॉर्चखाली प्रत्येक घडी बघा. मग लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवा. चुंबकाला चिकटणारे चकचकीत कण निघाले तर गाडी आहे तिथे बंद करा. काळं प्लास्टिकचं तुकडं निघालं तर साखळीच्या पट्ट्यांचं असतं, एखाद-दुसरं या वयात चालतं. काहीच नाही निघालं तर फोटो काढून ठेवा, विकताना तो फोटो बोलतो.

जळगावचा_बापू
तेलकट हात, काही समजलं नाही पण दोनदा वाचलं. आमच्या भावाच्या ट्रॅक्टरचं ऑइल बदलताना मेस्त्री बोट बुडवून उन्हात धरतो, तेच ना?

तेलकट_हात
तेच. तुमचा मेस्त्री हुशार आहे.

खडूस_पुणेरी
आता जरा गंभीर लिहितो कारण हा प्रश्न माझाही आहे, फक्त गाडी वेगळी. माझ्याकडे फियाट पॅलिओ १.६ आहे, २००२ चीच. हसू नका, शंभर बीएचपी होते तेव्हा, आणि तेव्हा त्या आकाराच्या गाडीत ते कोणाकडेच नव्हते. सचिनची सही असलेली एस१० पण याच गाडीची.

पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंग करून घेतलं, पर्यावरण कर भरला. आता वीस वर्षांच्या पुढच्या कारला रजिस्ट्रेशन रिन्यूअल ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. वर ती नवीन नंबरप्लेट. शोरूमवाला एक्स्चेंजमध्ये काय देतो सांगू? गाडी न बघताच बोलला, चाळीस धरू साहेब, त्यात पण अर्धा एक्स्चेंज बोनस असतो जो कंपनी तशीही देते. म्हणजे गाडीचे वीस. वीस हजारात तर नाना पेठेत माझे चार सुटे भाग पण येत नाहीत, मिळाले तर.

आणि वीस टक्के इथेनॉल, त्याचं वेगळंच. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, सील याला बनवलेलेच नाहीत. मी सगळ्या फ्युएल लाइन बदलून घेतल्या. मायलेज पडलंच.

तरी ठेवलीये. रविवारी सकाळी सहाला ताम्हिणीत नेतो. सात वाजता ट्रॅफिक सुरू होतं, नऊला घरी चहाला.

दर्यावर्दी
खडूसरावांकडून इतका सभ्य प्रतिसाद पहिल्यांदा वाचला.

स्पोर्ट्स कार म्हटलं की आम्हाला गोव्यात सॅन स्टॉर्म आठवते. गोव्यातच बनायची, फायबरची बॉडी, दोन सीट, उघडं टप्पर, आणि आत रेनॉचं १.२ लिटरचं साठ बीएचपीचं इंजिन. दिसायची मात्र फेरारीची धाकटी बहीण. मडगावला आमच्या ओळखीत एकाकडे होती, पावसाळा सुरू झाला की चार महिने सुट्टी. त्याच्याकडून एका हॉटेलवाल्याने पोर्चमध्ये उभी करायला मागितली, नाही दिली. आता तोच म्हणतो द्यायला हवी होती, निदान कोणीतरी पुसली असती.

मृदुला_के
दोन सीटची गाडी आणि सासू-सासरे येणार. एक एक करून फिरवा की :-D

एडिसनकर
मृदुलाताई, सासरे मागच्या वेळी बसले होते. लॅम्बर्टव्हिलवरून रूट २९ ने नदीकाठाने फ्रेंचटाउनपर्यंत गेलो. जाताना एक शब्द बोलले नाहीत. उतरल्यावर विचारलं, इंजिन कुठाय? पुढे उघडलं तर डिकी, मागे उघडलं तर डिकी. ते तसंच असतं, इंजिन मध्ये आणि वरून दिसतच नाही, मागच्या डिकीत फक्त तेल आणि कूलंटची झाकणं. त्यांना अजून वाटतं मला फसवलंय. सांगलीत सगळ्यांना सांगितलंय, जावयाच्या गाडीला इंजिन नाही पण पळते.

मृदुला_के
मग तुम्हाला गाडी विकताच येणार नाही, त्यांना आल्यावर दाखवणार काय?

फिलीचा_फाटका
मी उलट बोलणार, राग मानू नका. या गाडीच्या किमती वाढतील, क्लासिक होईल असं जे सगळ्यांच्या मनात आहे ते सोडा. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टर दीड लाखाहून जास्त बनल्या. दुर्मिळ काही नाही. हेडलाइटला जगभर तळलेलं अंडं म्हणून हसतात. होंडा एस२००० चं वेगळं, ती सगळ्या मिळून लाखभरच आणि कमी बिघडते, तिच्या किमती कुठच्या कुठे गेल्या. तुमची तिथे जाणार नाही. दर वर्षी हजार-दीड हजार तरी खाणार, विमा वेगळा. दहा वर्षं चालवली, मजा आली, आता द्या कोणातरी बावीस वर्षांच्या पोराला.

विश्वंभर_स्टुटगार्ट
फाटकेसाहेब, किमतीबद्दल थोडं वेगळं. पेट्रोलच्या ७१८ पिढीच्या बॉक्स्टरचं उत्पादन ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबलं. म्हणजे नवी हवी असली तर शोरूममध्ये जे शिल्लक असेल तेवढंच. याचा परिणाम आधी जुन्यातल्या नव्या गाड्यांवर होईल, तुमच्या २००२ पर्यंत उतरेल का ते माहीत नाही, पण मॅन्युअल एस अजून खाली जाईल असं वाटत नाही.

फिलीचा_फाटका
खाली जाणार नाही आणि वर जाईल यात फरक आहे ना भाऊ.

हिशेबनीस
बरोबर. पण एक धरा, नवी गाडी शोरूममधून निघाली की पहिल्या वर्षात तिची जेवढी किंमत पडते तेवढ्यात बॉक्स्टरचा क्लच, बेअरिंग आणि पुढच्या काही वर्षांचा विमा निघतो. हिने पडायचं तेवढं पडून घेतलंय. विम्याचं म्हणाल तर ठरीव किमतीचा क्लासिक विमा बघा. रोजच्या वापरासाठी दुसरी गाडी हवी, गराज हवं, मैलांची मर्यादा असते. नेहमीच्या विम्यापेक्षा बराच स्वस्त पडतो, आणि टोटल लॉस झाली तर कंपनी जुनी गाडी म्हणून तीन हजार हातावर टेकवत नाही.

सुमेध_ब्रिजवॉटर
मला कळत नाही, सगळे बॉक्स्टर विकू की ठेवू करतायत, एक्स्चेंजमध्ये मिनीव्हॅन का नाही देत??? दोनच जागा आहेत, एसयूव्ही आली की व्हॅनचं काम काय?

एडिसनकर
व्हॅन मी स्टेशनला नेतो. मेट्रोपार्कला, आठवड्यातून दोनदा. तिथे बर्फ, मीठ, पार्किंगच्या डेकमध्ये कोण दार आपटेल नेम नाही. एसयूव्ही बायको प्रिन्स्टनला नेणार.

सुमेध_ब्रिजवॉटर
आठवड्यातून दोनदा स्टेशनला जायला सात सीटची गाडी ठेवायची आणि अकरा वर्षं जपलेली सात हजारात द्यायची? मीठ टाकलं असेल त्या दिवशी राइड बुक कर. वर्षात असे दिवस कितीसे येतात. व्हॅनचा विमा वाचतो, त्या पैशात या सगळ्या राइड बसतात.

तेलकट_हात
सुमेधशी सहमत. फक्त समर टायर असतील तर ७ अंश सेल्सियसच्या खाली रबर कडक होतं, पकड जाते, कोरड्या रस्त्यावरही. ऑल सीझन टाकून घ्या.

मानसी_ऑस्टिन
सुमेधचा मुद्दा मला पटला, माझं आठ-साडेआठचं मत मागे. पण घरी काय म्हणणं आहे ते एडिसनकरांनी अजून सांगितलेलंच नाही. उत्तर ठरलेलं आहे म्हणजे काय ठरलंय?

एडिसनकर
मानसी, मला वाटलं होतं तसं नाहीये. काल रात्री हा धागा तिला वाचायला दिला (बापूंचा प्रतिसाद सर्वात आवडला). म्हणाली, मी डीलरकडे तुझ्याकडे बघत होते ते तू सात हजारांना हो म्हणतोस की काय म्हणून. विकायची तर तेराला विक, सातला त्या माणसाला का द्यायची. आणि व्हॅन देऊन टाकायला तिची काहीच हरकत नाही, व्हॅन तिला कधीच आवडली नव्हती म्हणे.

मृदुला_के
कॉफी मशीनकडे बघण्याऐवजी तिकडे बघितलं असतंत तर धागाच निघाला नसता.

जळगावचा_बापू
वहिनींना नमस्कार सांगा.

खडूस_पुणेरी
शंभर प्रतिसाद होऊ द्या, मगच निर्णय घ्या. प्रथा मोडू नका.

फिलीचा_फाटका
तेरा येणार नाहीत, क्लचसकट साडेअकरा. आणि डिसेंबरात कन्व्हर्टिबल विकायला काढू नका, कोणी ढुंकून बघणार नाही. मार्च संपला, ऊन पडलं की पाऊण गिऱ्हाईक आपोआप येतं. विकताना नंबर प्लेट काढून घ्या, न्यू जर्सीत प्लेट विकणाऱ्याकडे राहते, आधी ती एमव्हीसीला (इथलं आरटीओ) जमा करा मग विमा बंद करा, उलटं केलं की नोटीस येते.

एडिसनकर
अपडेट देतो, बऱ्याच जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं.

व्हॅन एक्स्चेंजमध्ये गेली, १८०० मिळाले, वर टॅक्सचे ११९ वाचले (हिशेबनीस, बरोबर ना?). सेल्समन तोच होता, बॉक्स्टरचं काय झालं विचारत होता, म्हणाला नऊ करतो.

तेलकट हात, ऑइल चेंज केला आणि फिल्टर मागून घेतला. काउंटरवरचा पोरगा विचित्र नजरेने बघत होता. घरी गराजमध्ये वर्तमानपत्रावर पांढरा कागद टाकून सगळ्या घड्या उलगडल्या, मुलगा टॉर्च धरून, मी चुंबक फिरवतोय. तांदळाएवढा एक काळा प्लास्टिकचा तुकडा निघाला, चुंबकाला काही नाही. फोटो तुम्हाला व्यनित टाकलेत, बघून सांगा. कपडे धुण्याच्या मशीनमध्ये तेलाचा वास येतो अशी तक्रार आली आहे, ती वेगळी.

क्लच फेब्रुवारीत करून घेतोय, बेअरिंग आणि मागच्या सीलसकट. त्या महिन्यात शॉप रिकामं असतं म्हणून ३५०० ला तयार झाला.

तेलकट_हात
फोटो बघितले. साखळीच्या पट्टीचाच तुकडा, काळजी नको. निघालेलं जुनं बेअरिंग परत मागून घ्या, हाताने फिरवून बघा, खरखर लागते का ते सांगा.

हिशेबनीस
११९ बरोबर. पण मी वर लिहिलं होतं, ठेवायची असेल तरच क्लच करा.

एडिसनकर
एप्रिलमध्ये जाहिरात टाकणार आहे.

खडूस_पुणेरी
कुठल्या सालच्या एप्रिलमध्ये?

फिलीचा_फाटका
टाकलीत तर आधी मला कळवा. मी फिलीत, तासाभरावर. बघायला येतो, घेणार नाही. (बहुतेक.)

मानसी_ऑस्टिन
म्हणजे तुम्ही माझ्या त्या पहिल्या गिऱ्हाइकासारखे, तासभर फिरवून परत देणारे.

सुमेध_ब्रिजवॉटर
विषयांतर, पण गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरते का हो हिची? माझी दुसरी गाडी दोन आठवड्यांत मरते. बॅटरी भरलेली ठेवणारा मेंटेनर कुठला घेतलाय, सिगारेट लायटरमधून लागतो की थेट बॅटरीला?

एडिसनकर
थेट बॅटरीला, पुढच्या डिकीत आहे. पण ती डिकी बॅटरीवर उघडते, बॅटरी पूर्ण मेली तर सहज उघडत नाही, म्हणून आत्ताच लावून ठेवलाय. वायर झाकणाच्या कडेने बाहेर काढली की झालं, झाकण पूर्ण लावू नको, नुसतं टेकव.